नळी म्हणजे घसा नव्हे

निसर्गाने माणसाच्या घशात एक पहारेकरी बसवला आहे. घास आला की तो श्वासनळीचे दार लावतो आणि अन्ननळीची वाट मोकळी करतो. दिवसातून शेकडो वेळा हे काम चालते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. पण अर्धांगाचा झटका आला, डोक्याला जबर मार लागला किंवा माणूस बेशुद्ध झाला, की हा पहारेकरी झोपी जातो. मग पाण्याचा साधा घोटही वाट चुकून फुप्फुसात उतरतो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. असे होऊ नये म्हणून डॉक्टर नाकातून थेट पोटात एक बारीक नळी घालतात. दवाखान्यात तिला राइल्स ट्यूब म्हणतात. जॉन राइल नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९२१ साली पोटातला रस तपासण्यासाठी अशी नळी वापरात आणली, त्यांचेच नाव तिला पडले. आज त्याच नळीतून पेज जाते, पाणी जाते आणि औषधही जाते.

पेज कशी द्यायची हे घरची माणसे दोन दिवसांत शिकतात. औषधाची गोष्ट वेगळी आहे, आणि तीच सांगण्यासाठी मी आज लिहायला बसले आहे. सरकारी आणि खाजगी दवाखाने मिळून मी ३१ वर्षे परिचारिकेची नोकरी केली. आता निवृत्त होऊन माण तालुक्यातल्या आमच्या गावी राहते. दोन एकर डाळिंब आहे, दोन म्हशी आहेत. तरी गावात कुणी दवाखान्यातून नळी घेऊन घरी आले की मला बोलावणे येतेच.

वॉर्डात असताना नातेवाइकांची एक तक्रार मी पुष्कळदा ऐकली. एक तरुण शेतकरी आपल्या वडिलांजवळ बसलेला होता. मी प्रत्येक गोळी वेगळ्या वाटीत विरघळवून, मध्ये मध्ये पाणी सोडून देत होते. शेवटी न राहवून तो म्हणाला, "सिस्टर, सात गोळ्यांना सात वाट्या कशाला? एकदाच कुटा आणि घाला. पोटात जाऊन एकच होणार की!"

प्रश्न बिनबुडाचा नव्हता. मी त्याला विचारले, "घरी ठिबक आहे का?"

"आहे की. डाळिंबाला."

"मग कॅल्शियम नायट्रेट आणि बारा एकसष्ट एकाच टाकीत कालवून सोडता का?"

तो हसला. "छे! साका धरतो. सगळे ड्रीपर चोंदतात."

"मुळापाशी जाऊन दोन्ही एकच होणार असतात, तरी नाही ना कालवत? मग ही तर तुमच्या वडिलांची नळी आहे."

पुढे त्याने तक्रार केली नाही. उलट वाट्या विसळून देऊ लागला. शेतकऱ्याला ही गोष्ट पटवून द्यावी लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते. वाटीत दोन औषधे एकत्र आली की त्यांचे आपसात काय होईल ते सांगता येत नाही. कधी साका धरतो, कधी एक दुसऱ्याला निकामी करते. पेजेत किंवा दुधात कालवले तर ते फाटते, दाट होते. शिवाय निम्मी पेज दिल्यावर रुग्णाला उलटी झाली, तर औषध किती गेले आणि किती राहिले हे कोण सांगणार? म्हणून औषध पेजेत घालायचे नाही, आणि एका वेळी एकच औषध द्यायचे.

मोठ्या माणसाच्या नळीची बाहेरची जाडीसुद्धा साधारण पाच मिलिमीटरच्या आसपास असते, आतले भोक त्याहून लहान. त्यातून जाड पूड पाठवली की ती अडकणारच. म्हणून औषधाआधी सुमारे ३० मिलिलिटर साधे पाणी, दोन औषधांच्या मध्ये १० ते १५ मिलिलिटर आणि सगळे झाल्यावर पुन्हा ३० मिलिलिटर, असा साधारण क्रम असतो. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितले असेल, तर हे पाणीही त्याच मापात धरावे लागते. गोळी कुटल्यावर खलाला किंवा वाटीला चिकटलेली पूडही पाण्याने विसळून त्याच सिरिंजमध्ये घ्यायची. गोळी लहान असली तर खलाला लागलेली पूड म्हणजे औषधाचा मोठा वाटा असू शकतो. पुष्कळशा साध्या गोळ्या कुटाव्याही लागत नाहीत, १० ते १५ मिलिलिटर पाण्यात पाच मिनिटे ठेवल्या की आपोआप विरतात.

पण या सगळ्याच्या आधीचा प्रश्न असा, की नळीचे टोक आहे कुठे? खोकल्याने, उलटीने, नाहीतर रुग्णाने झोपेत हात मारल्याने नळी वर सरकते. बाहेरून ती जशीच्या तशी दिसते आणि आत टोक घशात आलेले असते. म्हणून चांगली सिस्टर सिरिंज उचलण्याआधी नाकाशी पाहते. नळीवर खुणा असतात. पहिल्या दिवशी नाकपुडीशी कोणती खूण होती ते केसपेपरवर लिहिलेले असते. ती तिथेच आहे का? चिकटपट्टी सुटली आहे का? मग ती सिरिंजने थोडा रस ओढते आणि कागदाच्या पट्टीवर त्याचा आंबटपणा पाहते. पीएच ५.५ किंवा त्याहून कमी आला तर तो पोटातला रस समजतात. आम्लपित्ताचे औषध चालू असले तर हा आकडा वर जाऊ शकतो, तेव्हा शंका फिटेपर्यंत काही द्यायचे नाही आणि डॉक्टरांनी सांगितल्यास एक्स-रे काढायचा.

पूर्वी सगळीकडे नळीतून हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप लावून गुडगुड ऐकत असत. पण नळी फुप्फुसात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. म्हणून ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २००५ साली या आवाजावर विसंबू नका असा इशारा दिला. नळीचे टोक पाण्यात बुडवून बुडबुडे पाहण्याची रीतही तशीच बेभरवशाची.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगते. प्रत्येक गोळी कुटण्यासाठी केलेली नसते.

आपल्या शेतात युरिया घालतो तो २०१५ पासून सगळा नीम कोटेडच मिळतो. निंबोळीच्या तेलाचा लेप असल्यामुळे तो सावकाश लागू होतो. औषध कंपन्याही काही गोळ्या अशाच बनवतात. दिवसभराचे औषध एका गोळीत भरायचे, आणि ते बारा किंवा चोवीस तासांत थोडे थोडे सुटावे अशी तिची रचना करायची. रक्तदाबाच्या, साखरेच्या, फिटच्या काही गोळ्या अशा असतात. ही गोळी कुटली की दिवसभराचे औषध एकदम अंगात शिरते. रक्तदाब किंवा साखर धाडकन खाली येते, आणि मग रात्री औषध संपून पुन्हा वर जाते.

दुसऱ्या काही गोळ्यांवर पोटातल्या आम्लाला दाद न देणारा लेप असतो. पॅन्टोप्राझोल हे घरोघरी माहीत असलेले आम्लपित्ताचे औषध तसेच आहे. लेप मोडून ते पोटात टाकले तर तिथले आम्लच त्याचा नाश करते. देऊनही न दिल्यासारखे. अ‍ॅस्पिरिनच्या काही गोळ्यांवर पोटाला इजा होऊ नये म्हणून लेप असतो, तो कुटला की लेपाचा उपयोग संपला. तिसरा प्रकार जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांचा. छातीत दुखू लागल्यावरची गोळी जिभेखालून थेट रक्तात जाण्यासाठी आहे, ती नळीतून पाठवून भागत नाही. आणि चौथा प्रकार म्हणजे कॅन्सरची आणि तशीच काही जहाल औषधे. त्यांची पूड कुटणाऱ्याच्या अंगावर आणि श्वासात जाते. घरात गर्भार सून असली तर तिने अशा गोळीला हातही लावू नये.

हे मी भीती घालायला लिहीत नाही. २००३ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात तिथल्या डॉक्टरांनी एका रुग्ण बाईची हकीकत छापली होती. तिला रक्तदाबाची दोन औषधे नळीतून दिली जात होती. त्यातली निफेडिपिनची गोळी सावकाश सुटणारी होती, ती कुटून दिली गेली. रक्तदाब कोसळला, हृदय थांबले. डॉक्टरांनी शर्थ करून तिला परत आणले. पण आधी काय घडले याचा उलगडा झाला नव्हता. पुढच्या वेळी तीच औषधे तशीच कुटून नळीतून गेली आणि ती बाई दगावली. मोठ्या रुग्णालयात, भोवती यंत्रे आणि डॉक्टर असताना हे घडले. मग चुलीशेजारी बसून खलबत्त्यात गोळ्या कुटणाऱ्या आपल्या सुनेला कुणी काहीच सांगितले नसेल, तर तिचा काय दोष?

गेल्या वर्षी आमच्या शेजारचे आण्णा अर्धांगाच्या झटक्यानंतर नळी घेऊन घरी आले. वय सत्तरीच्या पुढे. सून शहाणी, कष्टाळू. तिसऱ्या दिवशी नातवाला पाठवून मला बोलावले. जाऊन पाहते तर नळी तुंबलेली, आणि थोरला मुलगा सायकलच्या ब्रेकची तार साफ करून हातात घेऊन उभा. स्प्रे पंपाचा नोझल तो असाच मोकळा करत असे! मी म्हटले, "बाबा, ती तार आधी खाली ठेव. नळीच्या पलीकडे तुझ्या बापाचे पोट आहे."

खाटेचे डोके वर केले. नाकाशी नळीची खूण जागेवरच होती. मोठ्या सिरिंजने कोमट पाणी घेऊन हलक्या हाताने थोडे ढकलायचे, थोडे ओढायचे, मग जरा थांबायचे, असे वीस मिनिटे केले तेव्हा वाट मोकळी झाली. झाली नसती तर जोर न करता दवाखान्यात जाऊन नळी बदलणे, एवढाच उपाय होता. लहान सिरिंजने जोर लावला की दाब फार वाढतो आणि नळी फुटू शकते. काही लोक सोड्याच्या बाटलीतले रंगीत पेय सोडतात, त्याच्या आंबटपणाने आतले दूध उलट थिजते.

मग मी सुनेला विचारले, "पोरी, औषध कसे देतेस?"

"आत्या, सगळ्या गोळ्या एकत्र कुटते आणि डाळीच्या पाण्यातून सोडते. सकाळी म्हशींची धार, पोरांची शाळा, वेळ कुठं असतो?"

"दवाखान्यात कुणी दाखवलं होतं का?"

"पेज कशी द्यायची ते दाखवलं. गोळ्यांचं म्हणाले, बारीक करून द्या."

आम्ही पिशवी अंथरुणावर उलटी केली. आठ प्रकारच्या गोळ्या निघाल्या. एकेक पाकीट उजेडात धरून नातवाला वाचायला सांगितले. साखरेच्या गोळीच्या नावापुढे एसआर ही अक्षरे निघाली. पॅन्टोप्राझोल होतेच. रक्त पातळ ठेवायची अ‍ॅस्पिरिनची गोळी लेपाची होती. तिन्ही गोष्टी कागदावर लिहून मुलगा दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर भले होते. त्यांनी साखरेची साधी गोळी दिवसातून विभागून दिली, अ‍ॅस्पिरिन पाण्यात विरणारी दिली, आम्लपित्ताचे औषध बदलले आणि दोन शक्तीच्या गोळ्या बंदच केल्या. आठाच्या सहा झाल्या. सुनेचे कामही हलके झाले.

वाचक भगिनींनो, पाकिटावर नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, एमआर, एलए यांपैकी अक्षरे दिसली की समजावे, गोळी सावकाश सुटणारी आहे. ईसी किंवा डीआर असेल तर लेपाची आहे. ही अक्षरे इंग्रजीत असतात, शाळेत जाणारे पोरही ती वाचू शकते. पण अक्षरे नाहीत म्हणून गोळी कुटण्याजोगी आहे असे मात्र समजू नका. प्रत्येक गोळीबद्दल डॉक्टरांना किंवा औषध दुकानातल्या फार्मासिस्टला विचारा, "ही नळीतून चालेल का?" कॅप्सूलमध्ये बारीक मणी असतील तर ते कुटायचे नाहीत. पातळ औषध मिळत असेल तर ते मागा, पण तेही घट्ट असले तर पाणी घालून द्या. काही गोड पातळ औषधांनी जुलाब लागतात, तसे झाले तर डॉक्टरांना कळवा.

वेळेचेही एक शास्त्र आहे. फिटवरचे फेनिटॉइन नावाचे औषध पेजेबरोबर किंवा डब्याच्या दुधाबरोबर गेले तर अंगात नीट शोषले जात नाही. औषध रोज चालू असूनही रुग्णाला पुन्हा फिट येते आणि घरचे बुचकळ्यात पडतात. म्हणून बहुधा त्याच्या आधी आणि नंतर एक ते दोन तास नळीतून अन्न देत नाहीत. थायरॉइडचे औषधही रिकाम्या पोटी द्यायचे असते. काही प्रतिजैविके दुधाबरोबर चालत नाहीत. कोणते औषध पेजेआधी, कोणते नंतर, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

आणखी एक गोष्ट वॉर्डातल्या सिस्टर डोळ्यांत तेल घालून सांभाळतात. नळीचे औषध शिरेत जाता कामा नये. रुग्णाला एका बाजूला सलाईन, दुसऱ्या बाजूला नाकात नळी. कुटलेल्या गोळीचे पाणी चुकून सलाईनच्या वाटेने गेले तर प्राणावर बेतते. परदेशात अशा चुका झाल्या म्हणून २०१६ साली नळीच्या जोडणीसाठी वेगळे आंतरराष्ट्रीय माप ठरले, म्हणजे इंजेक्शनची सिरिंज नळीला बसूच नये. आपल्याकडे अजून सगळीकडे ती सोय पोहोचलेली नाही. तोवर नळीची सिरिंज वेगळी, लांब तोंडाची ठेवणे, तिच्यावर चिठ्ठी लावणे आणि सोडण्याआधी हाताने नळी नाकापर्यंत चाचपत जाणे, हाच भरवसा.

एवढे सगळे वाचून कळेल, की एका रुग्णाची सात औषधे नीट द्यायला वीस मिनिटे सहज लागतात. रात्रपाळीला माझ्याकडे तीस तीस रुग्ण असत, त्यात चार-पाच नळीचे. पाच जणांना वीस वीस मिनिटे म्हणजे शंभर मिनिटे केवळ नळीच्या औषधांची. तेवढ्यात कुणाची सलाईन संपते, कुणी हाक मारते, नातेवाईक पदर ओढून विचारतात, "डॉक्टर कधी येणार?" मन एकदा हलले की हातातली वाटी कुणाची हे विसरायला क्षण पुरतो. म्हणून सिस्टर औषध देत असताना तिच्याशी बोलू नका. ती मुद्दाम वेळ लावते असे म्हणू नका. वाट्या मोजत, नाव विचारत, खूण पाहत जी सावकाश चालते, तिच्या हातात आपले माणूस सुखरूप आहे असे समजा. आणि एखादीने डॉक्टरांना उलट विचारले, "साहेब, ही गोळी नळीतून कशी देऊ?" तर ती आगाऊ नव्हे. ते विचारणे हेच तिचे काम आहे.

दवाखान्यातून निघताना बिल भरण्याच्या घाईत आपण हे सगळे विसरतो. तेव्हा सिस्टरकडून एकदा पाहून घ्या आणि एकदा तिच्यादेखत स्वतःच्या हाताने करून दाखवा. घरातल्या दोघींनी तरी शिकावे, एकटीवर भार नको. नळीची नाकाशी असलेली खूण वहीत लिहून घ्या. घरी औषध देताना डोके आणि पाठ वर, निदान अर्धे बसते करा. खाटेमागे गोधड्यांची वळकटी लावली तरी चालते. औषधानंतर अर्धा ते एक तास आडवे करू नका. रुग्णाला ठसका लागला, धाप लागली, ओठ निळसर दिसले किंवा खूण सरकलेली दिसली तर हात तिथेच थांबवा आणि दवाखाना गाठा. निघालेली नळी घरी पुन्हा घालायला जाऊ नका. एक वेळचे औषध चुकले तर डॉक्टरांना विचारून ते सावरता येते. फुप्फुसात गेलेले औषध परत काढता येत नाही.

आण्णांच्या सुनेने भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ एक वही टांगली. औषध, वेळ, पाणी, खूण, असे चार रकाने. दहावीतला नातू रोज संध्याकाळी ती तपासायचा. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी आण्णांचे गिळणे तपासले, घट्ट पेज चमच्याने सुरू केली, मग आठवड्याने नळी काढली. सगळ्यांची नळी अशी निघत नाही. काहींना महिनोन्‌महिने लागते, तेव्हा डॉक्टर पोटावरून नळी बसवतात. तिलाही औषधाचे हेच नियम.

घसा असतो तेव्हा माणूस कडू लागले तर तोंड वाकडे करतो, गोळी अडकली तर खोकतो, नको असेल तर थुंकतो. नळीला यातले काही येत नाही. तुम्ही सोडाल ते ती मुकाट्याने पोटात पोहोचवते. घशातला पहारेकरी झोपला आहे तोवर पहारा सिरिंज धरणाऱ्या हाताने द्यायचा असतो, मग तो हात सिस्टरचा असो की सुनेचा.